साबणाची धड वडी

“फुटलंय का बघ गं. फुटलं असंल तर आत घे.”

हा आवाज नागम्माचा. सासूला जाऊन कितीतरी उन्हाळे झाले, तरी बसम्माच्या कानात तो पहिल्यांदा जसा आला तसाच राहिला होता: दुकान आणि घर यांच्यामधल्या पडद्याच्या फटीतून, हळदीच्या आणि रॉकेलच्या वासासकट. बसम्मा तेव्हा भालकीहून नुकतीच उदगिरात आलेली. जोडवी बोटांना अजून रुतत होती, आणि मराठी बोलताना मध्येच एखादा कानडी शब्द भाकरीतल्या खड्यासारखा दाताखाली यायचा. दुकानात माल उतरला की नागम्मा एकेक वस्तू उलटून-पालटून बघायची. कुठं हमालाचा आकडा लागून पुडा फाटलेला, कुठं डब्याला पोचा आलेला, कुठं उंदरानं साबण चाखलेला. तेवढं सगळं वेचून ती पडद्याच्या आत सरकवायची. “धड ते गिऱ्हाइकाचं, फुटकं ते घरचं. दुकानदाराच्या घरात ह्योच कायदा, पोरी.” आणि हसायची. त्या हसण्यात कंजूषपणा नव्हता, उलट एक मान होता, सैनिकाच्या घरच्या बायकांना असतो तसला. बसम्मानं तो मान घेतला. मोडक्या बिस्किटांचा चुरा चहात घालून खाल्ला, झाडणीचा तांदूळ खडे वेचून शिजवला, एक दात नसलेल्या फणीनं आपले आणि पुढं लेकराचे केस विंचरले. उंदराचे दात साबणावर बारीक नक्षी काढतात. अंगावरून वडी फिरवताना ती नक्षी पहिले दोन दिवस पाठीला लागते, मग झिजते. हे सुख की दुःख, असा प्रश्न तिला कधी पडला नाही. महादेवप्पाही त्याच वडीनं आंघोळ करायचा. अन्याय म्हणावा, तर तो दोघांनी वाटून घेतलेला होता.

आणि आज सकाळी न्हाणीतल्या कोनाड्यात एक धड वडी पालथी होती.

बसम्मा हातात रिकामी बादली घेऊन दारातच थांबली. महादेवप्पा नुकताच आंघोळ करून गेला होता. न्हाणीची फरशी नावापुरती ओली होती, कारण पाण्याचा टँकर गेल्या आठवड्यात आला तो आला, आणि आता बादलीभर पाण्यात अंग, धोतर आणि शेवटी फरशी, असं सगळं त्या एका पाण्याला निभवायला लागत होतं. कोनाड्यात घरचा साबण होता, बोटाएवढी चिप झालेला, अजून ओला. तोच त्यानं वापरला होता. त्याच्या शेजारी तिची हिरवी वडी. ती रोज आपली आंघोळ झाली की वडी पुसून सोड्याच्या डब्यामागं, नारळाच्या करवंटीत लपवायची. काल ती विसरली. महादेवप्पाच्या हाताला एक सवय होती, आणि ती त्याच्या मरणानंतरही त्याच्या हातात राहील असं बसम्माला वाटायचं: कोणतीही वस्तू ठेवली की तिचं नाव पुढं. दुकानातले डबे तर सोडाच, घरातली औषधाची बाटली, काडेपेटी, विभूतीची पुडीसुद्धा नाव दाखवत उभी राहायची. तो झोपेतही वस्तू नीट लावत असेल. त्या हातानं ही वडी उचलली होती, बघितली होती, कदाचित नाकाशी नेली होती, आणि मग नाव दगडाकडं करून परत ठेवली होती. हा साबण आपल्या दुकानात येत नाही हे त्याला कळायला नाव वाचायची गरजही नव्हती.

ती बाहेर आली तेव्हा तो कपाळाला विभूती लावून भाकरीला बसला होता. तिला वाटलं, आता विचारील. त्यानं भाकरी मोडली. वरणात बुडवली. दाढ दुखते त्या बाजूनं चावू नये म्हणून घास दुसऱ्या गालात सरकवला.

“पानी कवा येनार हाय म्हनं?”

“सांजच्याला म्हनले.”

“हं.”

एवढंच. हात धुतलेलं चमचाभर पाणी त्यानं तुळशीच्या कुंडीत ओतलं आणि पडदा सारून तो दुकानात गेला. पडदा हलला, हलत राहिला, थांबला. तो थांबल्यावर घरात जी शांतता झाली, ती रोजचीच होती, पण आज तिला ती पालथी वाटली.

पूर्वी या पडद्यापलीकडं गाव असायचं. बाजाराच्या दिवशी तर खेड्यापाड्यातली माणसं उजाडताच येऊन आपली गाठोडी, छत्र्या, नव्या चपलांचे जोड, कधी बांधलेली कोंबडी, सगळं महादेवप्पाच्या दुकानात ठेवून बाजार करायला जायची. निरोपही ठेवायची. ‘लोह्याचा पाहुणा आला तर म्हनावं, पोरगी पसंत हाय.’ ‘चतुराबाईला सांगा, तिची म्हैस व्याली.’ महादेवप्पा निरोप विसरायचा नाही. साखर बांधता बांधता तो दुसऱ्याच्या घरातलं लग्न, बाळंतपण, भांडण त्या पुडीच्या दोऱ्यात गुंडाळून देऊन टाकायचा. बसम्मा आत चुलीपाशी बसून ते सगळं ऐकायची. तिला अर्धा तालुका ठाऊक होता, पण आवाजानं. तोंडं तिला ठाऊक नव्हती. पडद्याच्या पुढं दुकानदाराच्या बायकोनं यायचं नसतं. तिच्या अव्वाला, भालकीच्या आईला, कामात ओवी जोडायची खोड होती, ती खोड तिच्या रक्तातून आली होती, आणि पीठ मळताना तिच्या ओठांत आपोआप एखादी ओळ हलायची:

दुकानाच्या दारी गं गिऱ्हाइकं दहा-पाच,
आतल्या घराला पुडीच्या दोऱ्याचा काच.

पडदा हलला की ओळ बंद. दुकानात बाईचा आवाज जाऊ नये.

आता पलीकडून येत होता तो झटकणीचा आवाज. फट्, फट्, फट्. महादेवप्पा दिवसभर धूळ झटकायचा. या दुष्काळात धुळीला तोटा नव्हता आणि गिऱ्हाइकाला तोटा होता. बिदर रोडला तो मोठा मार्ट झाल्यापासून ओळीतली दुकानं एकेक करून मिटत गेली होती. मार्ट झाला तेव्हा ओळीतल्या सगळ्या दुकानदारांनी मठात जमून हातात बेलाचं पान घेतलं होतं. संगप्पा भांडेवाल्यानं सगळ्यांच्या आधी उचललं. आपल्या घरचं पाऊल तिथं पडणार नाही, पडलं तर हे पान साक्षी. बायकांना कुणी बोलावलं नव्हतं. त्यांची पावलं पुरुषांनीच मोजून देऊन टाकली. महादेवप्पा त्या दिवशी घरी आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर लग्नातल्यासारखं तेज होतं. “सांगून आलो मठात,” तो म्हणाला. “आपल्या घरचं कुनीबी न्हाई जानार.” आणि बसम्मा “हाव” म्हणाली होती. पुढं संगप्पाच्या पोरांनी भांडी काढून टाकली आणि जागा मोबाइलवाल्याला भाड्यानं दिली. पानसुपारीवाला गेला, वाणसामानवाला पलीकडचा गेला. ज्यांनी पानं उचलली होती त्यांच्या घरची पोरं मार्टाच्या पिशव्या हातात मिरवत ओळीतून जायला लागली. महादेवप्पा मात्र अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, “आमच्या घरचं न्हाई बा पडलं तितं पाऊल.” त्याच्याजवळ विकायला आता हीच एक गोष्ट धड उरली होती.

दुकानापुढच्या बाकावर अमृतराव येऊन बसल्याचं खोकल्यावरून कळलं. अमृतराव म्हणजे निवृत्त तलाठी. घरी करमत नाही म्हणून येऊन बसायचे, काही घ्यायचे नाहीत, फक्त जिल्ह्याबद्दल बोलायचे.

“आता उदगीर जिल्हा व्हतोय बग, महादेवप्पा. कागूद हलला म्हनं वर.”

“कागूद हलतोय मालक. हापशीचा दांडा हलंना झालाय.”

“अरं, जिल्हा झाला की कलेक्टर हितं बसंल. हापिसं येतील. मानसं वाढतील.”

“कलेक्टर काय माझ्याकडनं तूरडाळ नेनार हाय का?”

“तुला हसण्यावारी न्यायचं असंल तर ने. त्यो मार्टवाला उगीच आला का? त्याला आधी कळलंय, हितं जिल्हा हुनार.”

“म्हंजी जिल्ह्याच्या आधी त्याचं वऱ्हाड आलं म्हना की. नवरदेव यायचाय अजून.”

अमृतराव हसले, खोकले. बसम्माच्या ओठांवरही हसू आलं, आणि लगेच मावळलं. नवऱ्याचं असं बोलणं फक्त पडद्यापलीकडच्यांसाठी असायचं. आत येताना तो आपले शब्द गल्ल्यावर ठेवून यायचा. मागं एकदा लातूरचा जिल्हा झाला होता, तिला आठवलं. लग्नानंतर थोड्याच वर्षांनी. उस्मानाबादचं उदगीर लातूरचं झालं. रस्त्यावर फटाके वाजले, आणि नागम्मा म्हणाली होती, ‘जिल्हा बदलला, आपला माळा बदलला का? वरची मिरची काढ.’ आता उन्हाळाभर त्याच लातुरात रेल्वेनं पाणी येत होतं. टीव्हीवर ते डबे बघून तिच्या ओठांत आलं होतं:

रेल्वेत बसून पानी आलं लातुराला,
माझ्या घागरीची तहान सांगू कोन्या जिल्ह्याला.

घागरीवरूनच हे सगळं सुरू झालं. मागच्या उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत ती घागर लावायला गेली होती. रांग माणसांची नसते, घागरींची असते. माणसं सावलीला बसतात, उन्हात त्यांच्या जागेवर घागर उभी राहते, आणि घागरीला कुणी फसवत नाही. टँकरचा पत्ता नव्हता. शेजारच्या साखराबाईला “माझ्या घागरीकडं ध्यान असू द्या, जरा जाऊन येते” असं सांगून ती निघाली. कुठं जायचं हे तिला ठरवायचं नव्हतं. डोक्यावर ऊन तव्यासारखं होतं, पायाखाली डांबर मऊ झालं होतं, आणि बिदर रोडला ते काचेचं दार आपोआप उघडत होतं, मिटत होतं, उघडताना रस्त्यावर गार हवेचा एक पट्टा टाकत होतं. ती त्या पट्ट्यात उभी राहिली. बेलाचं पान आठवलं. पाऊल आत पडलं की बाहेर, हे कुठल्या रेषेवरून ठरवायचं? तेवढ्यात आतून कुणी म्हणालं, “काकू, आत या की. ऊन लागंल. दार सारखं उघडं ठिवलं तर मला बोलत्यात.”

ती पंचफुला होती. निळा अंगरखा साडीवर चढवलेली, गळ्यात नावाची पट्टी. आवाज बसम्मानं लगेच ओळखला, तोंड नाही. बुद्धवाड्यातली, किती वर्षं पडद्यापलीकडून ‘आन्ना, पावशेर तेल’ म्हणणारा तो आवाज. पंचफुलानंही तिला कधी पाहिलेलं नव्हतं, पण कपाळावरची विभूती, नथीच्या भोकाची ती लिंगायती ठेवण आणि काखेतली दुकानाच्या नावाची जुनी कापडी पिशवी यांवरून तिनं ताडलं. “तुमी महादेवप्पा आन्नाच्या घरच्या न्हवं? तरीच! भ्यालाव का? मी न्हाई सांगत आन्नाला. फिरा निवांत.”

आत पाण्यात उतरल्यासारखं वाटलं. इतकं गार, इतकं उजेडाचं, आणि इतकं कुणाचंच नसलेलं. वस्तू उघड्या उभ्या होत्या, हाताच्या अंतरावर. माणसं होती, पण कुणी कुणाचं नाव घेत नव्हतं, म्हैस व्याली का विचारत नव्हतं. ढकलगाड्या चालत होत्या, आणि वरून कुठूनतरी गाणं झिरपत होतं. बसम्मा साबणांच्या फळीपुढं थांबली. साबणांची भिंतच ती. तिनं पदरानं एका पुड्यावरची धूळ पुसली, मागचे पुडे पुढं ओढले, ओळ सरळ केली, मग दुसरी ओळ. हात आपोआप चालत होते. शेवटी एक वडी घ्यावी असं मनात आलं, आणि हात त्या ढिगात गेला, चाचपत खाली गेला, आणि कोपरा दबलेली, कागद फाटलेली एक वडी घेऊन वर आला. तिला काही वाटलंही नाही. ती निघालीच होती.

“अवो काकू,” पंचफुला मागून आली, “ही कामून घेताव? फुटलीय ती. परत पाठवायला ठिवलेली हाय. धड घ्या की.”

“असू दे. चालतंय.”

“काय चालतंय? पैसे तेवढेच की!” पंचफुलानं ती वडी तिच्या हातातून काढून घेतली. हळूच घेतली, जसं लेकराच्या हातातून माती काढतात. “ह्यातली कोंचीबी घ्या. वास घ्या अन् घ्या. कोन्ता वास आवडतोय तुमाला?”

बसम्मानं वड्यांच्या ओळीवरून नजर फिरवली. तिला ठाऊक नव्हतं. पन्नाशी उलटलेल्या बाईला आपल्याला कोणता वास आवडतो हे ठाऊक नसणं, हे तिला त्या गार उजेडात एकदम नागडं दिसलं. नवऱ्याला कोणती भाजी, मुलाला कोणतं लोणचं, सासूला पानात कोणता चुना, हे सगळं ती झोपेतून उठवलं तरी सांगू शकली असती. आपल्या जागी मात्र हात घातला की रिकामा परत येत होता. ती एकेक वडी नाकाशी नेत गेली. गुलाब, चंदन, लिंबू. पंचफुला तिथंच खोके उघडत बसली होती. ती खाली मान घालून म्हणाली, “माझी सासू तुमच्या दुकानात यायची काकू, फार आधी. तिला पायरीवर चढू देत नव्हते. पदर पसरायची, वरनं साखर टाकायचे म्हातारे, आन्नाचे वडील. निम्मी साखर मातीत. आन्नानं नंतर ते बंद केलं, खोटं कामून बोलू. पर ती मरेपर्यंत म्हनायची, मला एकदा हातानं वस्तू उचलून घ्यायचीय.” आणि मग, जड झालेलं हलकं करायला, “घ्या, तुमी बी घ्या उचलून. मी सुदीक हितं लागले तवाच शिकले.” बसम्मानं हातातली वडी खाली ठेवली. ती साखर आपल्याच घरची होती. आणि दोघी बायका, एक पायरीखाली, एक पडद्यामागं, एकाच फळीकडं लांबून बघत आयुष्य काढून बसल्या होत्या, असं म्हणावं, तर तेही पुरतं खरं नव्हतं. पडद्याला सावली असते, पायरीला ऊन. तिनं आणखी एक वडी उचलली. हिरवी. वाळ्याची. आणि त्या वासानं तिला भालकीच्या घरातल्या माठाशी नेलं, वाळ्याची जुडी तळाशी टाकलेल्या गार पाण्याशी, अव्वाच्या ओल्या हाताशी. विहिरी आटलेल्या त्या उन्हाळ्यात तो पाण्याचा वास होता. तिनं ती वडी घेतली.

त्यानंतर ती जात राहिली. घागर रांगेत उभी करायची आणि जायची. प्रत्येक वेळी घ्यायची असं नाही. नुसती फिरायची, हात लावायची, परत ठेवायची. कुणी ओळखत नाही याचं आधी सुख वाटलं. मग हळूहळू त्या सुखाच्या तळाशी वाळू लागली. एकदा एक म्हातारा पिठाच्या पिशव्यांपुढं किती वेळ उभा होता. त्याला वाचता येत नव्हतं आणि विचारायला कुणी नव्हतं. तिनं त्याला दाखवून दिलं. तो म्हणाला, ‘पोरी, हितं मालक कोन हाय? राम राम कुनाला घालावा?’ परतीच्या वाटेवर ओळ जुळली होती:

थंडगार वारा गं काचेच्या दारापाशी,
बोलाया मानूस न्हाई इतक्या मानसांपाशी.

पण मग घरी तरी कोण होतं? ओळ तिथंच अडायची.

बाहेर आता अमृतराव उठल्याचा आवाज आला. बसम्मानं पडद्याच्या फटीतून पाहिलं. ते उठले तेव्हा त्यांच्या मांडीखालून मार्टाची पिवळी पिशवी निघाली, घडी करून दाबून बसलेली, आणि पिशवीत काहीतरी होतं. महादेवप्पानं ते पाहिलं. अमृतरावांनीही त्यानं पाहिलेलं पाहिलं. मग महादेवप्पानं सुपारीचा डबा पुढं केला, “खांड घ्या मालक,” आणि झटकणी उचलून वळला. फट्, फट्. तो असाच आहे. तो विचारणार नाही. आज नाही, उद्या नाही. वडी रोज कोनाड्यात पालथी पडेल आणि तो बोटाएवढ्या चिपेनं आंघोळ करत राहील, आणि गिऱ्हाईक आलं की सांगेल, आमच्या घरचं पाऊल नाही पडलं. ते सांगताना त्याचा आवाज आता कसा लागेल, याचं तिला भय वाटलं. कालपर्यंत तो खरं बोलत होता. आजपासून तिनं त्याला खोटं बोलायला लावलं होतं.

आणि याहून मोठं दुसरंच एक होतं. साबण त्यापुढं लहान. काल सकाळीच सिद्धेश्वरचा फोन आला होता, हैदराबादेहून. मुलगा दर उन्हाळ्यात तेच बोलायचा: दुकान द्या कुणाला तरी, आईला घेऊन इकडं या, तिथं प्यायला पाणी नाही आणि दुकानात माणूस नाही. महादेवप्पा फोन कानापासून लांब धरून बोलतो, म्हणून दोन्हीकडचं तिला ऐकू आलं. तो म्हणाला, “मी काय, मी कवाबी निघीन रे सिद्धू. पर तुझी आई न्हाई हलायची. तिचा जीव दुकानात हाय. पडद्यामागं बसल्याबिगर तिला घास जात न्हाई. तिच्यासाठी तरी उघडं ठिवावं लागतंय.” त्याच्या आवाजात इतकी माया होती की बसम्माच्या हातातलं लाटणं थांबलं. आपल्यासाठी. रिकाम्या दुकानात धूळ झटकत तो बसतो, लोकांच्या पिवळ्या पिशव्या बघून न बघितल्यासारखं करतो, दुपारी गादीवर बसल्या बसल्या त्याची मान कलते, हे सगळं आपल्यासाठी. रात्री तिनं कूस बदलली होती, बोलायला तोंड उघडलं होतं, आणि पुन्हा मिटलं होतं. सांगितलं तर त्याच्या हातातला आधार जाईल. नाही सांगितलं तर तो तिचं नाव पुढं करून दुकानात वाळत जाईल. आणि साबण लपवायचं ती कदाचित त्याच विचारात विसरली.

दुपार झाली. ओळीत कुत्रंही नव्हतं. पडद्याच्या आतून, म्हणजे तिच्या बाजूनं, दुकानाच्या फळ्यांची पाठ दिसायची. वरच्या फळ्यांवरची खोकी मागून उघडी होती आणि आत काही नव्हतं. फळी भरलेली दिसावी म्हणून महादेवप्पा रिकामी खोकी मांडून ठेवायचा, नावं रस्त्याकडं करून. तिनं त्यांच्या पोकळ पोटात कितीदा पाहिलं होतं. आज तिला ते समोरून बघावंसं वाटलं. पडदा सारून पुढं जायला पाय धजला नाही. पडद्यातून जे माणूस बाहेर येतं, ते घरचं माणूस असतं, आणि घरच्या माणसाला तो एक ‘हं’ देतो. तिनं पदर सारखा केला. मागच्या दारानं बाहेर पडली. साखराबाईच्या भिंतीला लागून बोळातून, कोरड्या नाल्यावरच्या फरशीवरून, रस्त्यावर. ऊन अंगावर आलं. मोबाइलच्या दुकानातला पोरगा मान वर करून बघायला लागला. ओळीत बंद दुकानांच्या पत्र्यांमध्ये एकच उघडं दार, आणि ती त्या दारापुढं, पायरीवर, गिऱ्हाईक जिथं उभं राहतं तिथं येऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दुकान तिथून केवढंसं दिसत होतं! खोकी भरल्यासारखी दिसत होती. मध्ये महादेवप्पा, खाली मान घालून दोऱ्याचा गुंता सोडवत. त्याचं टक्कल, त्यावरचा घाम. इथून तो म्हातारा दिसत होता, आणि कुणाचा तरी असावा असा दिसत होता.

पायरीवर सावली पडली तसा तो मान वर न करता म्हणाला, “काय पायजे?”

तो वर बघेना, बोटं गुंत्यात होती.

“त्यो साबन मीच आनला,” ती म्हणाली. “मार्टातनं. मागच्या उन्हाळ्यापून जाते मी तितं.”

दोरा त्याच्या बोटांत थांबला. त्यानं वर पाहिलं. ओळखायला त्याला जरा वेळ लागला, जणू हा चेहरा त्यानं या बाजूनं कधी पाहिलाच नव्हता. मग घाईनं रस्त्याकडं नजर टाकली. “अगं, उन्हात कामून हुबारलीस? आत जा. मागनं जा.”

“न्हाई. हितंच बरं हाय.”

“ठावं हाय मला ते. बोललो का मी काही?”

“बोललाव न्हाई. तेच तर.”

त्याचा हात झटकणीकडं गेला. बसम्मानं फळीवर हात ठेवून झटकणी धरली. जोरानं नाही, नुसती धरली. त्यानं ओढली नाही. दोघांच्या हातांत ती झटकणी तशीच राहिली.

“काल सिद्धूला काय म्हनलाव तुमी?”

“काय म्हनलो?”

“माझा जीव दुकानात हाय म्हनून.”

“मग?” तो म्हणाला. त्याच्या आवाजात पहिल्यांदाच प्रश्न होता, खरा, लेकरासारखा घाबरलेला. “न्हाई का?”

समोर मोबाइलच्या दुकानातलं गाणं संपलं. बसम्माला वाटलं, आताही ‘हाव’ म्हणता येईल. एक शब्द, आणि तो संध्याकाळपर्यंत तरेल.

“न्हाई वो,” ती म्हणाली. “एक दिस बी नव्हता. तुमाला दुकान ठिवायचं असंल तर ठिवा, कुनी न्हाई म्हनत न्हाई. पर तुमच्या जिवासाठी ठिवा. माझ्यासाठी म्हनून बसू नका.”